चेस्टसोबत काय मारायचं?

(फुलंब्रीत जिमच्या पोरांसमोर बोललो होतो, त्याचं रेकॉर्डिंग ऐकून हा मजकूर उतरवलाय. पंख्याचा आवाज आणि मधली हसाहशी काढली, दोन-चार वाक्यं सरळ केली, बाकी बोललो तसंच आहे.)

मागच्यांना आवाज येतोय ना? बरं.

मी कुणी ट्रेनर नाही, हे आधीच सांगतो. कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे, बीटेक झालोय, दिवसभर खुर्चीत असतो. पण सात-आठ वर्षं झाली वजनं उचलतोय आणि त्यातली पहिली तीन वर्षं चुकीची उचलली. आज बोलायचं ते त्या चुकीबद्दल. कारण मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर तोच, रस्त्यात भेटला तरी तोच. "दादा, चेस्टसोबत काय मारायचं?"

कुणी म्हणतं चेस्टसोबत ट्रायसेप. कुणी म्हणतं चेस्टसोबत बायसेप. आणि दोघंही असं भांडतात जणू शेताच्या बांधाचा वाद आहे.

कुठल्याही जिममध्ये सोमवारी संध्याकाळी जाऊन बघा, आपल्या इथंही. बेंच एक, त्याच्यासमोर अकरा जण उभे. सोमवार म्हणजे चेस्ट, हे कुठं लिहिलंय माहीत नाही, पण सगळ्या महाराष्ट्रात पाळलं जातं. आणि पलीकडं स्क्वॉटचा रॅक रिकामा. रिकामा म्हणजे, त्यात एक जण उभा असतो, तो बायसेप मारत असतो.

मीही तेच करायचो. माझं वेळापत्रक सांगतो, तुमच्यापैकी अर्ध्यांचं हेच असणार. सोमवार चेस्ट, मंगळवार बॅक, बुधवार शोल्डर, गुरुवार बायसेप, शुक्रवार ट्रायसेप, शनिवार लेग. रविवार सुट्टी. दिसायला किती नीटनेटकं! प्रत्येक स्नायूला एक दिवस, कुणावर अन्याय नाही.

आता आमच्या धंद्यात एक सवय लागते, सगळ्याची नोंद ठेवायची. मी एक साधी शीट केली होती. ज्या दिवशी गेलो, त्या दिवशी खूण. १२ आठवड्यांनी ती उघडली. १२ गुणिले ६, म्हणजे ७२ दिवस जायचं होतं. गेलो ४७. हे काही वाईट नाही, नोकरी करून ४७ चांगलेच. पण ते ४७ कुठं पडले बघा. चेस्ट १२ पैकी १२. बॅक १०. शोल्डर ९. बायसेप ७. ट्रायसेप ५. लेग ४.

तीन महिन्यांत पाय ४ वेळा!

आणि हे आळसानं झालं असंही नाही. आठवड्याची सुरुवात जोरात असते आणि शेवटी शेवटी काहीतरी निघतंच. शनिवारी कुणाचं लग्न, कुणाचा साखरपुडा, ऑफिसचं रिलीज शुक्रवारी रात्री अडकलं की शनिवार गेला, गावाकडं शेतात मोटर जळाली. दिवस चुकतात, ते सगळ्यांचेच चुकतात. पण ते सारखे चुकत नाहीत, ठरावीकच चुकतात. मग ज्या स्नायूला तो ठरावीक दिवस दिलाय, त्याचं काय? त्याला सुट्टी. कायमची.

म्हणून कशासोबत काय मारायचं, हे ठरवायच्या आधी माझा पहिला प्रश्न असतो, की बाबा, तू खरे किती दिवस येतोस? ठरवलेले नको सांगू. मागच्या महिन्यात खरे किती आलास, ते सांग. तीन? मग तीन दिवसांत सगळं शरीर दोनदा तरी यायला पाहिजे, असं बसवू.

दोनदा का, ते सांगतो. ब्रॅड शोनफेल्ड म्हणून अमेरिकेत एक संशोधक आहेत, स्नायू वाढवण्यावर त्यांचं बरंच काम आहे. त्यांनी आणि सोबतच्यांनी २०१६ साली आधीचे अभ्यास एकत्र करून बघितले, तर आठवड्यातून एकदा मारण्यापेक्षा दोनदा मारलेलं बरं निघालं. नंतर २०१९ मध्ये आणखी अभ्यास धरून पुन्हा बघितलं, तेव्हा चित्र जरा बदललं. आठवड्याचे एकूण सेट सारखेच असतील, तर ते एका दिवसात करा की तीन दिवसांत विभागा, फारसा फरक पडत नाही. आता यावर लगेच कुणीतरी म्हणणार, मग माझं एकदाचंच बरोबर आहे की! अरे, कागदावर बरोबर आहे. पण एका दिवसात छातीचे १६ सेट मारताना शेवटचे सहा कसे होतात, ते आरशात बघ. रॉड वाकडा, पाठ कमान, पार्टनर खालून उचलतोय आणि वरून ओरडतोय "तूच करायलास, तूच करायलास". ते सेट मोजायचे कुणाच्या खात्यात? आणि एकदाचा तो दिवस चुकला, की तो आठवडा शून्य. दोनदा ठेवलं तर एक चुकला तरी अर्धं हातात राहतं. माझ्यासारख्या चुकणाऱ्या माणसाला एवढं कारण पुरेसं आहे.

बरं, आता मूळ प्रश्न. ट्रायसेप की बायसेप.

बेंच प्रेस मारताना काय होतं? रॉड छातीपासून वर ढकलायचा. ढकलतं कोण? छाती, खांद्याचा पुढचा भाग आणि कोपर सरळ करणारा ट्रायसेप. तिघं मिळून. ओव्हरहेड प्रेस मारा, पुन्हा खांदा आणि ट्रायसेप. म्हणजे ढकलायचं काम आलं की ही टोळी एकत्रच येते. उलट ओढायचं काम, पुल-अप, रो, लॅट पुलडाउन, यात पाठ, खांद्याचा मागचा भाग आणि बायसेप. ही दुसरी टोळी. तिसरी पायांची, मांडी पुढची, मांडी मागची, कुल्ले, पोटरी, आणि सगळ्यांना धरून ठेवणारी कंबर.

एवढं डोक्यात बसलं की माझं जुनं वेळापत्रक पुन्हा वाचा. सोमवारी चेस्ट, म्हणजे ट्रायसेप आला. बुधवारी शोल्डर, म्हणजे ट्रायसेप परत आला. शुक्रवारी ट्रायसेप, तो तर आलाच. कागदावर "एक स्नायू, एक दिवस", आणि प्रत्यक्षात ट्रायसेप आठवड्यातून तीनदा, खांद्याचा पुढचा भाग दोनदा. पाय महिन्यातून जेमतेम एकदा. वर मी जिमवाल्याला विचारायचो, बेंच ६० किलोवर का अडकलाय?

अडकला तेवढंच असतं तर चाललं असतं. उजव्या खांद्यात पुढून कळ यायला लागली. टी-शर्ट काढताना हात वर गेला की चमक. रात्री त्या कुशीवर झोपता येईना. मी काय केलं? शोल्डर "कमजोर" आहे म्हणून शोल्डरचे सेट वाढवले. हसा, हसा. शेवटी डॉक्टरांकडं गेलो, त्यांनी विचारलं ढकलायचे व्यायाम किती आणि ओढायचे किती. मी मोजले, ढकलायचे जवळजवळ दुप्पट होते. पुढं सहा आठवडे बेंच बंद, रो चालू. आता मी मोजूनच बसवतो, ढकलायला जितके सेट तितके ओढायला, जमलं तर ओढायला दोन जास्तच. तुमच्या खांद्याचं कारण वेगळं असू शकतं बरं का, दुखत असेल तर दाखवून घ्या. मी माझं सांगतोय.

तर चेस्टसोबत ट्रायसेप बरोबर, कारण तो तसाही दमणारच असतो, त्याच दिवशी दमवून टाका आणि मग सगळ्या टोळीला दोन दिवस सोडा. चेस्टसोबत बायसेपही बरोबर, कारण तो ताजा असतो, चांगला मारता येतो. फक्त मग दुसऱ्याच दिवशी बॅक ठेवू नका, नाहीतर दमलेल्या बायसेपनं पुल-अप काढायला लागतील. दोन्ही चालतं! भांडण कशाचं आहे मला कळत नाही. चूक एकच आहे, सोमवारी चेस्ट, मंगळवारी शोल्डर, बुधवारी ट्रायसेप असं सलग लावणं. एकाच मजुराला तीन दिवस तीन वेगवेगळ्या नावांनी हजेरीवर बोलावण्यासारखं आहे ते.

आणि इन्स्टावरच्या सहा दिवसांच्या प्लॅनबद्दल एकच बोलतो. तिथले कित्येक जण इंजेक्शनवर आहेत. त्यांचं शरीर ज्या वेगानं भरून येतं, तो आपला वेग नाही. त्यांचा प्लॅन घेऊ नका. इंजेक्शन तर नकोच नको, त्यावर वेगळा भाग करणार आहे.

आता जो मजूर कुणी मोजतच नाही, त्याच्याकडं येतो. कंबर.

स्क्वॉटमध्ये कंबर आहे. डेडलिफ्टमध्ये तर आहेच. वाकून रॉडनं रो मारता, त्यातही कंबर धरूनच उभे असता. उभ्यानं ओव्हरहेड प्रेस, तिथंही. मंगळवारी बॅकमध्ये डेडलिफ्ट आणि बुधवारी स्क्वॉट लावला, तर मांडी ताजी असली तरी कंबर कालचीच असते. मग स्क्वॉट हलका पडतो आणि आपण म्हणतो, पाय कमजोर. म्हणून स्क्वॉट आणि डेडलिफ्ट एकतर एकाच दिवशी, एक जड आणि एक हलका, नाहीतर मध्ये दोन दिवस. आणि रो करायचा तो छाती बाकड्याला टेकवून, डंबेलनं. कंबर सुटते.

हे पुण्यात कुणाला सांगितलं तर एवढ्यावर संपतं. आपल्या इथं संपत नाही. इथं बसलेल्यांपैकी किती जण घरच्या शेतात काम करतात? हात वर करा. बघा. कापूस वेचणं म्हणजे काय असतं? दिवसभर वाकून. अद्रक काढायची, गोण्या भरायच्या, टेम्पोत चढवायच्या. मक्याची पोती. एक पोतं उचलणं आणि एक डेडलिफ्ट यांत कंबरेला फरक कळत नाही, तिला फक्त ओझं कळतं. आपली पोरं दिवसभर पोती टाकून संध्याकाळी जिमला येतात आणि वेळापत्रकात मंगळवार आहे म्हणून डेडलिफ्ट मारतात. अरे, तुझा डेडलिफ्ट झालाय! त्या दिवशी वर ढकलायचं काम घे, बेंच घे, पुल-अपला लटक, घरी जा. वेचणीच्या दिवसांत पायाचा आणि कंबरेचा जिममधला डोस निम्मा करा. तो व्यायाम तुम्ही करताय, फक्त फी न भरता.

आमचे आजोबा मात्र या सगळ्यावर हसले असते. त्यांच्या वेळी तालीम होती. पहिली महाराष्ट्र केसरी १९६१ साली आपल्या औरंगाबादलाच झाली, दिनकर दह्यारींनी जिंकली. त्या काळचा पैलवान काय करायचा? जोर, बैठका, सपाट्या आणि लाल मातीत लढत. जोर म्हणजे छाती, खांदा, ट्रायसेप. बैठक म्हणजे मांडी. माती खणायची, पाठ आणि दंड. रोज, सगळं. "आज चेस्ट" हा प्रकारच नव्हता. म्हणजे स्नायू वाटून घ्यायची पद्धत ही शरीर दाखवण्याच्या खेळातून, बॉडीबिल्डिंगमधून आली. ती वाईट नाही, पण ती एका विशिष्ट कामासाठी आहे.

वेटलिफ्टिंगचंच बघा. आपल्या सांगलीचा संकेत सरगर. २०२२ ची बर्मिंगहॅमची कॉमनवेल्थ, ५५ किलो गट. स्नॅचमध्ये ११३, क्लीन अँड जर्कमध्ये १३५, एकूण २४८ किलो. दुसऱ्या जर्कला १३९ लावले आणि कोपर दुखावलं. तरी तो तिसऱ्यांदा आला, उचललं गेलं नाही. सुवर्ण एका किलोनं गेलं, रौप्य मिळालं. मी ते बघताना रडलोय, खोटं नाही सांगत. पण मुद्दा असा, की १३५ किलो डोक्यावर जातं तेव्हा ते पायांनी उडतं, कंबर आणि पाठ ते नेतात, खांदे आणि कोपर धरतात. त्यात कुठला स्नायू कुठल्या दिवशी, असं वेगळं करताच येत नाही. लिफ्टर लोक हालचाल शिकतात, आठवड्यात अनेकदा स्क्वॉट मारतात, दर वेळी मरेपर्यंत मारत नाहीत.

म्हणून वाटणी करायच्या आधी विचारा, मला हे शरीर कशासाठी पाहिजे?

आणि फुलंब्रीत या प्रश्नाचं उत्तर निम्म्या पोरांसाठी एकच आहे. पोलीस भरती. पहाटे पाचला सिल्लोड रोडला उभं राहिलं की दिसतात, अंधारात धावणारी पोरं, पोरीपण. मैदानी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर २० गुण, १०० मीटर १५, गोळाफेक १५. मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर. पूर्ण गुण हवे असतील तर मुलांना १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत, १०० मीटर साडेअकरा सेकंदांत, आणि ७ किलो २६० ग्रॅमचा गोळा साडेआठ मीटर. हे तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ आहे.

माझा चुलत भाऊ यातच आहे. त्याला विचारून सांगतोय, नाव नाही घेत. सकाळी धावायचा, संध्याकाळी जिम. जिममध्ये तेच सहा दिवसांचं. फरक इतकाच, की भरतीला पाय लागतात म्हणून त्यानं लेग शनिवारी न चुकता मारले. जड स्क्वॉट, लंज, लेग प्रेस, पायऱ्या उतरता येणार नाहीत इतके. आणि रविवारी सकाळी अकॅडमीत १६०० ची ट्रायल! दर रविवारी. वेळ ५ मिनिटं ५० च्या पुढंमागं, हलायलाच तयार नाही. घरी आला की गप्प बसायचा. काकू म्हणायच्या, "लेकरू पळून पळून वाळलं, तरी मार्क का पडंनात?" वय निघून चाललंय, दोन भरत्या हुकल्यात. त्याला वाटायचं आपल्यातच दम नाही.

मला म्हणाला, "दादा, एकदा बघ ना माझं."

बघितलं तर सगळं समोर होतं. जड लेगनंतर पाय जे धरतात, ते दुसऱ्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त धरतात. तो दर आठवड्याला स्वतःच्या सगळ्यात वाईट सकाळी स्वतःची परीक्षा घेत होता. दम होता. पाय कालचे होते.

मग आम्ही पुन्हा मांडलं. धावणं हाही पायांचाच दिवस आहे, असं धरून. सोमवारी सकाळी वेगाचे ४०० मीटरचे तुकडे, आणि त्याच संध्याकाळी लेग. त्याच दिवशी, हो. तो घाबरला, म्हणाला मरून जाईन. म्हटलं, जे मरायचं ते एकाच दिवशी मर, म्हणजे मंगळवार-बुधवार पाय खरेच मोकळे राहतील. धावणं आधी, कारण गुण धावण्याला आहेत, स्क्वॉटला नाहीत. मंगळवारी वरचं शरीर, ढकलणं आणि ओढणं दोन्ही. बुधवारी नुसतं सावकाश धावणं. गुरुवारी सकाळी १०० मीटरच्या दौडी आणि गोळा, संध्याकाळी हलका स्क्वॉट आणि ओव्हरहेड प्रेस एकत्र. हे दोन एकत्र का? कारण गोळा हातानं फेकला जातो असं वाटतं, पण तो निघतो पायातून, कंबरेतून वळतो आणि शेवटी हात फक्त पुरा करतो. ज्या क्रमानं गोळा जातो, त्याच क्रमाची माणसं एका दिवशी कामाला लावली. शुक्रवारी वरचं शरीर परत. शनिवारी काही नाही. काही म्हणजे काहीच नाही, हे त्याला सगळ्यात जड गेलं. रविवारी ट्रायल.

दहा आठवड्यांनी ५ मिनिटं ३१. सगळं श्रेय वेळापत्रकाचं नाही, थंडीही पडली होती, झोपही सुधारली. आणि ५.१० अजून लांब आहे. पण पहिल्याच महिन्यात तो रविवारी घरी येऊन काकूंशी बोलायला लागला, ते मी बघितलं.

बाकीच्यांसाठी, ज्यांना भरती नाही, नुसतं अंग कमवायचंय. तीन दिवस येत असाल तर तिन्ही दिवस सगळं शरीर. एक पायाचा, एक ढकलायचा, एक ओढायचा, प्रत्येकी तीन-चार सेट, शेवटी दहा मिनिटं हात-पोट-पोटरी. आठवड्याला प्रत्येक मोठ्या स्नायूचे दहा-बारा चांगले सेट आपोआप होतात, आणि चांगले म्हणजे शेवटच्या एक-दोन रेप अवघड जाणारे. चार दिवस येत असाल तर वर-खाली-वर-खाली. सहा दिवस खरंच, शीट दाखवून, येत असाल, तर ढकलणं, ओढणं, पाय, आणि परत तेच. आणि कुठलंही घेतलं तरी आठवड्याची सुरुवात पायांनी करा. सोमवार चुकत नाही ना तुमचा? मग तो पायांना द्या. बेंचही रिकामा मिळेल मंगळवारी.

गर्दी असली तर अजून एक. बेंचचा सेट झाला की नंबर येईपर्यंत मोबाईल काढू नका, डंबेलनं रो मारा. ढकलणारे दमलेत, ओढणारे ताजे आहेत. एकाच्या विश्रांतीत दुसऱ्याचं काम. अकरा जणांच्या रांगेत हे फार उपयोगी पडतं.

हां, बोल. मागं कोण आहे?

(मागून प्रश्न: "दादा, वीस तारखेला बहिणीचं लग्न आहे. शर्टात डोले दिसायला पाहिजेत. बायसेप रोज मारू का?")

वीसला? आज किती, सहा? रोज मार. चौदा दिवसांनी काहीच होत नाही, वाढणारही नाही आणि मरणारही नाहीस. शर्ट एक नंबर लहान घे. आणि एकवीसला सोमवार आहे, स्क्वॉटच्या रॅकपाशी भेट. त्यात बायसेप मारायचा नाही.